बोट आहे कुठे, आणि आहे कशी?

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हायचं तेलक्षेत्र आहे. ‘सागर सम्राट’ या रिगला १९७४ साली तिथे तेल लागलं, १९७६च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झालं. तेव्हापासून तिथल्या माणसांना आणि यंत्रांना लागणारं प्यायचं पाणी, डिझेल, सिमेंट, पाइप, भाजीपाला असं सगळं घेऊन पुरवठा जहाजं ये-जा करत आली आहेत. न्हावा हा त्यांचा तळ. उरण-पनवेलकडे या बोटींवर नोकरी केलेलं कुणी ना कुणी भेटतंच.

खालचं बोलणं अशाच एका घरातलं. मामा पुरवठा जहाजांवरून मास्टर, म्हणजे कॅप्टन, म्हणून निवृत्त झालेले. भाची जहाजांच्या एजन्सीत काम करते, आणि तिचा नवरा रिगचे नांगर हलवणाऱ्या बोटीवर सेकंड इंजिनीअर आहे. जहाजाची मापं माहीत असली आणि ते या घडीला कुठे आहे हे दिसत असलं, म्हणजे जहाज कळलं का, यावर दोघांचं बिलकूल जमत नाही. जिथे राहवलं नाही तिथे मी मध्ये बोललो आहे.

भाची: मामा, नवऱ्याच्या बोटीचा अख्खा तपशील माझ्याकडे आहे. लांबी साठ मीटर, बोलार्ड पुल ऐंशी टन, डीपी-२, फायफाय-१. फोन उघडला की नकाशावर बोट दिसते. मामीला यातलं काय मिळायचं?

मामा: काही नाही. आम्ही व्हीएचएफ रेडिओवर न्हाव्याला निरोप द्यायचो, तिथून कुणी येणारं असलं तर तो घरी पोचायचा. ते दिवस चांगले होते असं मी म्हणणार नाही. पण तू वाचतेस तो बोटीचा जन्मदाखला आहे. त्यावरून आजची तब्येत समजत नाही.

भाची: त्यात लिहिलेलं खोटं तर नाही ना?

मामा: खोटं नाही. पण ते कुठल्या दिवसाचं आहे ते बघ. बोलार्ड पुल, म्हणजे बोटीची ओढायची ताकद, मोजतात कशी? धक्क्यावरच्या खुंटाला दोर बांधतात, मध्ये ताण मोजायचं यंत्र लावतात, पाणी शांत असतं, आणि इंजिनं पूर्ण ताकदीवर चालवतात. त्या वेळी इंजिनांवर बो थ्रस्टरचा भार नसतो. खऱ्या कामाला बाजूने वारा असतो, पाण्याला ओढ असते. बोट सरळ धरायला बो थ्रस्टर चालवावा लागतो. पुष्कळ बोटींवर थ्रस्टरची वीज मेन इंजिनावरच्या जनरेटरमधूनच येते. थ्रस्टर जोरात चालला की प्रोपेलरच्या वाट्याला कमी येतं. तुझे ऐंशी टन तेव्हा ऐंशी राहत नाहीत.

मामांचं हे म्हणणं समजून घ्यायला ‘बूर्बाँ डॉल्फिन’ आठवावं लागतं. हे नॉर्वेचं जहाज २००६ साली बांधलेलं, म्हणजे नवंकोरं; बोलार्ड पुल १८० टन. १२ एप्रिल २००७ रोजी शेटलंड बेटांच्या पश्चिमेला, हजार मीटरहून खोल पाण्यात, ते ‘ट्रान्सओशन रॅदर’ या रिगचा नांगर टाकत होतं. वाऱ्याने आणि प्रवाहाने ते ठरलेल्या रेषेवरून सरकत गेलं. मागे लोंबणाऱ्या साखळीचा प्रचंड ताण डेकच्या एका बाजूला आला, जहाज कललं आणि उलटलं. वर १५ जण होते, त्यांतले ८ गेले. नॉर्वे सरकारच्या चौकशी आयोगाने एकाच कुणावर बोट ठेवलं नाही. जहाजाच्या स्थिरतेतला कच्चेपणा, रिग हलवण्याच्या आराखड्यातल्या त्रुटी, नव्या कॅप्टनला मिळालेला अपुरा वेळ, असं बरंच त्यांनी नोंदवलं. ते जहाज कुठे आहे, हे मात्र त्या दिवशी सगळ्यांना ठाऊक होतं. रिग समोरच उभी होती.

भाची: म्हणजे आकडे फेकून द्यायचे? आमच्या ऑफिसात आकडे नसतील तर काय होईल सांगू? मालक म्हणेल बोट दणकट आहे, बोट भाड्याने म्हणजे चार्टरवर घेणारा म्हणेल चालेल, आणि खलाशी जातील. फायफाय-१ लिहिलेलं असलं म्हणजे आग विझवायचे दोन मॉनिटर मिळून तासाला २,४०० घनमीटर पाणी, १२० मीटर लांब, टाकू शकतात, हे क्लासच्या, म्हणजे जहाजांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या, सर्व्हेअरने पाहिलेलं असतं. डेकला दर चौरस मीटरला किती टन भार चालतो, हे ठाऊक नसेल तर पाइप कुठे रचायचे?

मामा: ते मी कधी नाकारलं? सगळी बोट पोटातल्या टाक्यांवर आणि मागच्या डेकवर उभी आहे. पोटात डिझेल, ड्रिलिंगचं पाणी, प्यायचं पाणी, मड म्हणजे ड्रिलिंगचा चिखल. सिमेंट आणि बराइट कोरडं, हवेच्या दाबाने वर फेकायचं. हा आकारही फार जुना नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर मेक्सिकोच्या आखातात तेलवाले मासेमारीच्या आणि लष्कराने काढून टाकलेल्या बोटी वापरायचे. १९५०च्या दशकाच्या मध्यावर ॲल्डन लाबोर्ड यांनी ‘एब टाइड’ बांधून घेतली. ब्रिज पार पुढे नेला, मागचा डेक सगळा मोकळा ठेवला. आज न्हाव्याला लागलेली कुठलीही बोट बघ, तीच मांडणी आहे.

भाची: मग नंबरांबद्दल बोल. जहाजाचं नाव बदलतं, मालक बदलतो, झेंडा बदलतो. आयएमओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, नंबर बदलत नाही. सात आकडे, आणि सातवा आकडा आधीच्या सहांची तपासणी करतो. पहिल्या सहांना ओळीने सात, सहा, पाच, चार, तीन, दोन यांनी गुणायचं आणि बेरजेचा शेवटचा आकडा घ्यायचा. ९०७४७२९ हा नंबर घे. त्रेसष्ट, शून्य, पस्तीस, सोळा, एकवीस, चार. बेरीज १३९. शेवटी नऊ, आणि सातवा आकडाही नऊ. कुणी बनावट कागदावर मनाला येईल तो नंबर टाकला, तर बहुतेक वेळा तिथेच पकडला जातो.

तिच्या या उत्साहामागचं कारण मला नंतर समजलं. २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले, जगभर पुरवठा जहाजांची कामं थांबली. काही मालकांनी बोटी नांगरावर सोडल्या आणि खलाशांनाही त्यांच्यासकट सोडून दिलं. पगार नाही, डिझेल नाही, परतीचं तिकीट नाही. सागरी श्रम कराराखाली २०१७च्या जानेवारीपासून अशा वेळेसाठी मालकाने आर्थिक हमी ठेवणं सक्तीचं झालं. पण हमी वसूल करायची तर आधी जहाज कोणतं आणि ते आहे कुठे, हे दाखवावं लागतं. नाव पुसून दुसरं रंगवलेलं असतं. अशा वेळी घरच्यांच्या हातात आयएमओ नंबर आणि महिनोन्‌महिने न हललेला नकाशावरचा ठिपका एवढंच असतं. तो ठिपका पुरावा होतो. मामा म्हणतात तसा कागद अपुरा असेल, पण ज्याच्याकडे दुसरं काहीच नाही त्याच्यासाठी तो फार मोठा आहे, असं मला वाटतं.

मामा: बरं, ठिपक्याचंच बोलू. मागच्या पावसाळ्यात तू रात्री मला फोन केला होतास. बोट चौदा तास दिसत नाही म्हणून रडत होतीस.

भाची: दिसतच नव्हती!

मामा: दिसणार कशी? एआयएस, म्हणजे बोटीने स्वतःची ओळख आणि जागा आपोआप सांगत राहायची यंत्रणा, व्हीएचएफवर चालतं. जवळजवळ सरळ रेषेत जाणाऱ्या लहरी. किनाऱ्यावरच्या उंच अँटेनाला चाळीस-पन्नास सागरी मैलांपर्यंत ऐकू येतं, हवा बरी असली तर थोडं जास्त. बॉम्बे हाय पंचाऐंशी मैलांवर. बोट दर काही सेकंदांनी ओरडत असते, नांगरावर असली तर तीन मिनिटांनी. तिथले प्लॅटफॉर्म ऐकतात, शेजारच्या बोटी ऐकतात. तुझ्या फुकटच्या नकाशाला किनाऱ्यावरचं तेवढं ऐकू येतं. उपग्रहावरून ऐकायचं तर पैसे भरावे लागतात. तू बघत होतीस तो ठिपका किनाऱ्याच्या टप्प्याबाहेर जातानाचा शेवटचा होता. जावई तेव्हा जेवत असेल.

भाची: हे मला कुणी सांगितलं होतं का? नकाशावर ‘शेवटची नोंद’ एवढंच लिहितात.

मामा: आणि बाकीच्या गोष्टी हाताने भरलेल्या असतात. जाणार कुठे, पाण्यात किती बसली आहे, नांगरावर आहे की चालू आहे. वॉच बदलला, सेकंड मेट बटण दाबायला विसरला, की बोट बारा नॉटने धावत असते आणि तुला नांगरावर दिसते. जीपीएसलाच कुणी फसवलं तर विचारूच नकोस. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात नोव्होरोसिस्कजवळची वीसेक जहाजं विमानतळावर उभी असल्याचं दाखवत होती.

भाची: म्हणून बघूच नये?

मामा: सगळ्या जगाने बघावं का, हा माझा प्रश्न आहे. एआयएस टक्कर टाळायला आलं. २००४च्या अखेरीस मोठ्या जहाजांवर ते सक्तीचं झालं, आणि त्याच डिसेंबरात आयएमओच्या सागरी सुरक्षा समितीने म्हटलं की ही माहिती इंटरनेटवर टाकणं जहाजांच्या सुरक्षिततेला घातक ठरू शकतं. चाच्यांच्या पाण्यात मास्टरला ते बंद करायची मुभा आहे ती त्यासाठीच. मुंबईने समुद्रातून आलेले हल्लेखोर २००८ साली पाहिले. तेलाच्या प्लॅटफॉर्मजवळ कुठली बोट किती वाजता असते हे कुणालाही घरबसल्या दिसावं, हे मला पटत नाही.

भाची: लपवून काय मिळालं ते पण सांग की. ‘पवित’ विसरलास? २०११ साली ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेला टँकर. सगळ्यांनी तो बुडाला असं धरलं. तो महिनाभर वाहत आला आणि ३१ जुलैला जुहूच्या वाळूत बसला. नौदल, तटरक्षक दल, पोलिस, कुणालाच दिसला नाही. कारण त्यावर ना वीज, ना माणूस, ना एआयएस. उद्या असाच एखादा वाहत प्लॅटफॉर्मवर आला तर? जास्त डोळे बघत असतील तर ते बरंच आहे. मासेमारी बोटींवरचे आपले तांडेलसुद्धा फोनवर बघून ओळखतात मोठी बोट कुठून येते ते.

इथे मामा बराच वेळ बोलले नाहीत. मला दोघांचंही म्हणणं खरं वाटतं, पण भाचीचं जास्त. एआयएसचा संदेश कुठल्याही कुलपाशिवाय हवेत जातो. ज्याला वाईट करायचं आहे तो स्वतःचा रिसीव्हर विकत घेऊ शकतो. नकाशा बंद केला तर अंधारात राहतील ती घरची माणसं.

भाची: आणि तौक्ते चक्रीवादळ. मे २०२१. बुडालेल्या पी-३०५ तराफ्यावर २६१ माणसं होती, १८६ वाचली. नौदलाच्या ‘कोची’ आणि ‘कोलकाता’ खवळलेल्या दर्यात गेल्या, पुरवठा जहाजंही गेली. ‘वरप्रदा’ टगवरचे तेरापैकी दोघेच सापडले. घरची माणसं दिवसेंदिवस फोन लावत होती. काही मृतांची ओळख डीएनएवरून पटवावी लागली. तू म्हणतोस कागदावरून तब्येत कळत नाही. तिथे कागदावर काय होतं? त्या तराफ्याला स्वतःचं इंजिनच नव्हतं! तो राहण्याचा तराफा. नांगर सुटले की तो कुठेही जाणार, हे मापांच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं होतं. हवामान खात्याचा इशारा आलेला होता. तो एकच कागद आणि तो एकच ठिपका कुणी नीट वाचला असता…

मामा: हो. तिथे तू बरोबर आहेस. इंजिन नसलेली वस्तू वादळाआधी बंदरात आणायला जन्मदाखलासुद्धा पुरेसा होता.

मामांनी हे मान्य केलं. पुढचं त्यांनी स्वतःहून काढलं, आणि तेच मला या सगळ्यातलं मुख्य वाटतं.

मामा: आता ‘समुद्र सुरक्षा’चं ऐक. २७ जुलै २००५. आदल्या दिवशी मुंबई पाण्यात बुडालेली, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस. समुद्र तसाच. ‘समुद्र सुरक्षा’ बॉम्बे हायला पाणबुड्यांचं काम करत होती. स्वयंपाक्याची दोन बोटं कापली. हेलिकॉप्टर उडत नव्हतं. त्याला डॉक्टरकडे पोचवायला बोट बॉम्बे हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मला लावायची ठरली. आडोशाच्या बाजूची क्रेन बंद होती, म्हणून वाऱ्याच्या बाजूने जावं लागलं. म्हणजे काही बिघडलं तर वारा बोटीला प्लॅटफॉर्मवरच ढकलणार. त्यात एका थ्रस्टरने त्रास द्यायला सुरुवात केली, बोट हाताने चालवावी लागली. स्वयंपाक्याला बास्केटमधून वर चढवलंसुद्धा. त्यानंतर लाटेने बोट उचलली आणि तिचं हेलिडेक गॅसच्या रायझरवर आदळलं.

भाची: रायझर म्हणजे समुद्रतळातून वर येणारा पाइप?

मामा: दाबाखालचा गॅस घेऊन येणारा. गॅस सुटला, पेटला. आग शेजारच्या रायझरांना लागली आणि दोनेक तासांत अख्खा प्लॅटफॉर्म गेला. तिथे सगळे मिळून ३८४ लोक होते, ३६२ वाचले, २२ गेले. पेटलेल्या बोटीवर सहा पाणबुडे दाबाच्या चेंबरमध्ये होते. दाब हळूहळू उतरवल्याशिवाय त्यांना बाहेर येताच येत नाही. ते छत्तीस तासांनी सुटले. काही दिवसांनी बोट बुडाली.

भाची: …

मामा: आता मला सांग. तिच्या कागदात कमी काय होतं? आग विझवायची ताकद, पाणबुड्यांची सोय, स्वतःला जागेवर धरायची यंत्रणा, सगळं होतं. ठिकाण? कुणालाही विचारायची गरज नव्हती. पण त्या तासाला खरं काय होतं? एक क्रेन बंद, एक थ्रस्टर कुरकुरणारा, वारा उलटा, हेलिकॉप्टर नाही. ही चार वाक्यं तुझ्या कुठल्या पानावर असतात?

भाची: डीपी-२ असती तर?

मामा: डीपी-२ म्हणजे काय ते नीट समजून घे. संगणक थ्रस्टर चालवून बोट एका जागी धरतो, आणि कुठलाही एक चालता भाग बंद पडला तरी जागा सुटत नाही. एक. तो एक बंद पडला की राखीव संपली. कागदावर डीपी-२ तसंच राहतं, पण पाण्यात ती डीपी-२ उरलेली नसते. त्या क्षणी काम सोडून प्लॅटफॉर्मपासून दूर जायचं असतं, यात दुसरा विचार नाही.

भाची: मग जात का नाहीत?

या प्रश्नाचं उत्तर यंत्रात नाही, व्यवहारात आहे. पुरवठा बोटीचं भाडं दिवसावर असतं. बोट कामाला निकामी झाली की ती ‘ऑफ-हायर’ जाते, त्या वेळेचं भाडं थांबतं. म्हणून आज थ्रस्टर बंद आहे हे वाक्य लिहिणं महाग पडतं. बांधणीची मापं सांगायला मालक उत्सुक असतो, कारण त्यांवर भाडं ठरतं. आजच्या बिघाडाबद्दल तो गप्प असतो, कारण त्याने भाडं जातं. जगभर पुरवठा जहाजांची मापं सहज मिळतात आणि प्रकृती मिळत नाही, त्याचं मला दिसणारं कारण हेच आहे.

मामा: तसा एक कागद आहे. प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरचं सुरक्षा क्षेत्र असतं. आत शिरण्याआधी चेकलिस्ट भरायची. थ्रस्टर तपासले का, सुकाणू दोन्हीकडून चालतं का, जनरेटर किती चालू, वारा कुठला, बिघाड झाला तर बोट प्लॅटफॉर्मकडे वाहील की दूर, ब्रिजवर दोघे आहेत का. मग प्लॅटफॉर्मची परवानगी. हा कागद त्या तासाचा असतो.

भाची: हाच मला हवा आहे. नकाशावर बोटीवर बोट ठेवलं की शेजारी हा दिसला पाहिजे.

मामा: घरी? रात्री दोन वाजता थ्रस्टर बंद वाचून तू काय करणार?

भाची: मी काही करणार नाही. पण घरचे वाचतात हे कंपनीला ठाऊक असेल, तर दुरुस्ती पुढच्या महिन्यावर जाणार नाही.

मामा: उलटं होईल. लोक वाचतात म्हटल्यावर सगळ्या चौकटींत ‘ठीक’ अशी खूण पडेल. आज चीफ इंजिनीअर निदान मास्टरला तरी खरं सांगतो. तेवढं राहू दे. कागद प्लॅटफॉर्मपर्यंत जावा, किनाऱ्यावरच्या कंट्रोल रूमपर्यंत जावा. त्यापुढे नको.

भाची: बरं, घरी नको. पण मग दुसरं सांग. त्या चेकलिस्टवर ‘आज आत जात नाही’ असं मास्टर लिहू शकतो ना?

मामा: लिहू शकतो. तो त्याचा हक्क आहे, कुणी काढून घेऊ शकत नाही.

भाची: आणि लिहिलं तर त्या दिवसाचं भाडं?

मामा: ते चार्टरच्या कलमांवर असतं. बहुतेक वेळा थांबतं.

भाची: मग ते कलम बदला. वाऱ्यामुळे किंवा बिघाडामुळे मास्टर बाहेर थांबला, तर त्या दिवसाचे पैसे कापले जाणार नाहीत, असं चार्टरमध्येच लिहा. बिघाड किती दिवस चालेल त्याला मर्यादा घाला हवी तर. तेवढं झालं तर चेकलिस्ट मला दाखवू नका, मी मागणार नाही. नकाशा आहे माझ्याकडे.

मामा: ते कलम बदलायचं कुणी, हे तुझ्या ऑफिसात विचार. चार्टरचे कागद तिथूनच जातात.

भाची: सोमवारी विचारते.